हात धुण्याचा सोहळा आणि दादाचा पाय

मध्य प्रदेशातल्या सौसरच्या त्या दवाखान्यात शिरताना पहिली गाठ डॉक्टरांशी पडत नसे. ती दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या एका माणसाशी पडे, आणि तो माणूस कोणाच्या तोंडाकडे पाहत नसे. तो पायांकडे पाही. "चपला बाहेर." बाळंतीण असो, छातीत कळ आलेला असो, मोटारसायकलवरून पडून डोकं फुटलेला असो, आधी चपला. त्याच्यामागे लोखंडी रॅक होतं आणि त्यात जोड असे ओळीने लावलेले असत की वाटावं, आत कुणा महाराजांचं प्रवचन चाललं आहे.

दादाला हे फार आवडलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मोहगावच्या बाजूला त्याची संत्र्याची बाग आहे आणि थोडा कापूस. मी पांढुर्ण्यात राहतो. मास्तरकी करून निवृत्त झालो आहे, म्हणून तो मला अजून मास्तरच म्हणतो, आणि त्यात आदर किती आणि टोमणा किती हे मला कधी ठरवता आलेलं नाही. पहिल्या दिवशी त्याने माझ्या खांद्यावर हात टाकून चपला काढल्या, रॅककडे पाहिलं आणि म्हणाला, "पाह्य गा मास्तर, देवळावानी ठेवला यायनं दवाखाना."

माझा अनुभव असा आहे की दवाखाना देवळासारखा दिसायला लागला की आत औषधापेक्षा प्रसाद जास्त मिळतो. मी मात्र दादाच्या चपला उचलून रॅकमध्ये नीट लावल्या. दहा दिवस हे काम माझ्याकडेच होतं.

दादाला जुनी शुगर आहे आणि तिच्यामुळे पावलांतली जाणीव गेलेली आहे. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, काढून झाल्यावर वावरात राहिलेली एक खुंटी त्याच्या डाव्या तळव्यात शिरली, आणि हे त्याला कळलंच नाही. चार दिवसांनी वहिनीने ओसरीतल्या फरशीवर डाग पाहिले तेव्हा घराला कळलं. मोठ्या डॉक्टरांनी पाय पाहिला, जखम साफ केली आणि सांगितलं की रोज नीट ड्रेसिंग झालं आणि जखमेत दुसरं काही शिरलं नाही, तर पाय वाचेल. शिरलं तर कुठपर्यंत कापावं लागेल ते आज सांगता येत नाही. हे सांगताना त्यांनी दादाच्या पोटरीवर बोटाने एक रेघ ओढून दाखवली, मग थोडा विचार केला आणि गुडघ्याच्या वर दुसरी ओढली. बोटाची रेघ, उमटत नाही. पण वहिनी त्यानंतर दहा दिवस दादाच्या पायावर चादर घालताना त्या दोन जागांना हात लागू देत नव्हती.

वहिनी रात्रीही थांबे. मी सकाळच्या बसने पांढुर्ण्याहून येई आणि पाचच्या बसने परत जाई. मधल्या वेळात मला काम एकच होतं, बसून पाहणं. चाळीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये फेऱ्या मारलेल्या माणसाला ते बऱ्यापैकी जमतं.

दवाखान्यात तेव्हा बाहेरून तपासणीसाठी मंडळी येणार होती. ती खूश झाली तर प्रमाणपत्र मिळणार होतं. त्यामुळे भिंत सापडेल तिथे काहीतरी चिकटवलेलं होतं. हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचं चित्र तर मी सात ठिकाणी मोजलं. त्यातले हात इतके गोरे आणि गुबगुबीत होते की त्यांनी आयुष्यात काही उचललं असेल असं वाटत नव्हतं. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी हात निर्जंतुक करायच्या बाटलीसाठी तारेचं कडं बसवलं होतं. कडी सगळी रिकामी होती. बाटल्या इन्चार्ज सिस्टरच्या कपाटात, कुलपात होत्या. मी विचारलं तेव्हा तिने सांगितलं की बाहेर ठेवल्या की पेशंटचे नातेवाईक घरी घेऊन जातात, तपासणीच्या दिवशी लावू. व्हीलचेअरी दोन होत्या, कारखान्यातून आलेल्या प्लास्टिकसकट. त्याही तपासणीच्या दिवशी उघडायच्या होत्या. रोग्यांनी मात्र तपासणीची वाट न पाहता रोगी होण्याची घाई केली होती.

ड्रेसिंग करणारा ड्रेसर तिशीतला, चपळ, हसतमुख माणूस होता, आणि त्याचा हात खरोखर हलका होता. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मी त्याच्याबद्दल चांगलं लिहिणार नाही. तो सकाळी नऊला हातमोजे चढवी आणि दुपारी जेवायला जाताना उतरवी. मधल्या काळात तेच मोजे सात खाटांवरून फिरत. एकाची पट्टी सोडायची, पडदा सरकवायचा, ढकलगाडी ओढायची, खिशातून मोबाइल काढून बायकोशी बोलायचं, दुसऱ्याची पट्टी बांधायची. मध्येच खर्रा. प्लास्टिकमध्ये घोटलेल्या त्या सुपारी-तंबाखूची पुडी तो मोज्याच्या बोटांनी उघडी, पण बोटं तोंडाला लावत नसे. मान मागे टाकून पुडी वरून तोंडात रिती करी. स्वतःच्या तोंडापुरतं त्याला संसर्गाचं शास्त्र पक्कं ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं. अगदी सौम्यपणे विचारलं. दादाच्या आधी पलीकडच्या खाटेवर एका म्हाताऱ्याचं गळू त्याने साफ केलं होतं, तेव्हा मोजे बदलून किंवा निदान हात धुऊन पट्टी सोडली तर बरं, असं म्हटलं. त्याला राग आला नाही, गंमत वाटली.

"काकाजी, मोजे कायच्यासाठी असते मंग? हात धुवाचं काम पडू नये म्हणूनच तं असते."

सहाव्या चित्राखाली उभा राहून तो हे बोलला. त्याच्या लेखी हातमोजा त्याला रोग्यांपासून वाचवायला होता. रोग्यांनाही एकमेकांपासून वाचायचं असतं, ही कल्पना त्या इमारतीत कुणाच्या डोक्यात आल्याचं मला दिसलं नाही. त्यांच्या मते रोग एकाच वाटेने येतो, खेड्यातल्या माणसाच्या चपलेला लागून. ती वाट त्यांनी खुर्ची टाकून बंद केली होती.

तो गेल्यावर दादाने तोंड फिरवलं. वहिनीने डबा उघडला, तो त्याने बंद करायला लावला. मग हळू आवाजात म्हणाला, "माहा पाय त्याच्या हातात आहे, अन् तू त्याच्यासंगच वाद घालून राहिला. तू जाशीन पाचच्या बसनं. पट्टी उद्या तोच सोडवीन."

आमच्याकडे हे लहानपणीच शिकवतात. वस्तरा मानेवर असताना न्हाव्याशी भांडू नये, आणि बागेला पाणी द्यायचे दिवस असताना विजेच्या लाइनमनशी वाकडं बोलू नये. सगळी गावं याच शहाणपणावर चालतात. सगळे लाइनमनही.

सातव्या दिवशी हात धुण्याचा सोहळा झाला. सोहळा हा शब्द माझा नाही, बॅनरवर तोच होता. दवाखान्याच्या अंगणात मांडव घातला, मंचावर समई आणि देवाची तसबीर ठेवली, आणि मुख्य अतिथी म्हणून जिल्ह्यातल्या एका पुढाऱ्याला बोलावलं. हात धुवायला मंचावर नळ नव्हता. म्हणून मांडववाल्याकडून पितळेची परात आणली. लग्नात नवरदेवाचे पाय धुतात ती. तिच्या काठाला हळदीकुंकू तसंच होतं.

रोग्यांतर्फे अतिथींना शाल-श्रीफळ देण्यासाठी दादाची निवड झाली. पांढरं धोतर, पांढरी टोपी, रुबाबदार मिशा, हातात काठी. दवाखान्याच्या जाहिरातीला हवा असतो तसा रोगी ईश्वराने त्यांना फुकट दिला होता. दादा सकाळी सहालाच दाढी करून बसला. वहिनीने घरून धुतलेलं धोतर मागवलं. मी काहीतरी खवचट बोललो, तर म्हणाला, "तुले बोलावलं नाही म्हणून जळून राहिला."

कार्यक्रम दहाचा होता. अतिथी साडेबारा वाजता आले. मे महिना होता. त्यांच्या गाडीपासून मंचापर्यंत कापडी छताखाली लाल गालिचा होता. रोग्यांच्या खुर्च्याही मांडवात, सावलीत होत्या. पण वॉर्डाच्या दारापासून मांडवापर्यंत तीस-पस्तीस पावलं उघड्या अंगणातून होती, आणि त्या अंगणात सिमेंटचे ठोकळे बसवले होते, जे सकाळपासून तापत होते. स्टाफला आतल्या वापराच्या रबरी स्लिपरा होत्या. रोगी आणि नातेवाईक अनवाणी. चपला तिकडे दर्शनी दारात, रॅकमध्ये. दारावरचा माणूस त्या दिवशी आपली खुर्ची उचलून मांडवाशी येऊन बसला होता, कारण आत समई होती आणि तिथेही चपला चालणार नव्हत्या. व्हीलचेअरी उघडल्या होत्या, पण त्या मंचाच्या दोन्ही बाजूंना, रिकाम्या, शोभेसाठी ठेवल्या होत्या.

अतिथी आल्याची वर्दी आली आणि रोग्यांना बाहेर काढलं. ठोकळ्यांवर पाय पडताच लोक उड्या मारायला लागले. सलाइनची सुई लावलेला माणूस टाचांवर पळाला. बाया पदर सावरत, हसत, ओरडत धावल्या. गळूवाला म्हाताराही धावला, ज्याला मी आठवडाभर कण्हताना पाहत होतो. आणि या सगळ्यांच्या मधून दादा चालत आला. डाव्या पायाला जाड पट्टी, उजवा पाय उघडा, काठी टेकत, मान ताठ, एकेक पाऊल पूर्ण टेकवत, सावकाश. घाई त्याला कशाची नव्हतीच. फोटोवाल्याने त्याला मध्येच एकदा थांबवलं, तर तो थांबलाही.

माझ्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "याले म्हणते हिंमत."

मला अभिमान वाटला. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटला. दादा सबंध आयुष्य असाच चालत आला आहे, असं काहीतरी माझ्या मनात आलं. त्याला पायाखालचं कळत नव्हतं, एवढंच त्याचं कारण होतं, आणि ते जगात ज्या चार माणसांना ठाऊक होतं त्यांतला एक मी होतो. दादाच्या चपला मीच रॅकमध्ये ठेवल्या होत्या. पण मी आठवडाभर हातांकडे पाहत होतो. हात, मोजे, बाटल्या, कुलूप. पायांकडे पाहायला तर खुर्ची टाकून माणूस बसवलेला होता.

पुढे जे झालं ते अशा कार्यक्रमांत होतं तेच. लाउडस्पीकरवरून पायऱ्या वाचल्या गेल्या, दोन सिस्टरांनी तांब्यांनी पाणी घातलं, आणि पुढाऱ्याने परातीवर वाकून फोटोवाल्याकडे पाहत हात धुतले. चौथ्या पायरीला टाळ्या पडल्या. टॉवेल सापडेना, म्हणून दादाने दिलेल्या शालीला हात पुसले. मग त्या हातांनी त्यांनी मंचावरच्या सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, ज्यांनी हात धुतलेले नव्हते. ड्रेसरला "स्वच्छता दूत" असं छापलेला पट्टा गळ्यात घातला. तो बिचारा खरोखर लाजला. दुपारी त्याने तो पट्टा न काढताच ड्रेसिंगं केली. दादाच्या पायावर वाकला की पट्ट्याचं टोक जखमेपाशी लोंबे, आणि तो मान झटकून ते मागे टाकी.

दुसऱ्या दिवशी सकाळी चादर ओली होती. डाव्या पायाखाली नव्हे, उजव्या. ते ड्रेसरच्याच लक्षात आलं. त्याने पाय उचलून पाहिला आणि पहिल्यांदाच त्याचं हसू गेलं. तळव्यावर टाचेपासून बोटांपर्यंत फोड आले होते, दोन फुटलेले, बाकीचे पाण्याने टम्म.

"बाबाजी, कायच्यावर पाय देला?" त्याने विचारलं.

दादाला काहीच सांगता येईना. तो माझ्याकडे पाहायला लागला, जणू ते मास्तराच्या वहीत लिहिलेलं असेल. मला मात्र तेव्हा सगळं दिसलं. ठोकळे, ऊन, ती सावकाश टेकवलेली पावलं.

ड्रेसरने गाडीवरची कात्री घेतली. त्याच सकाळी ती चार खाटांवर जाऊन आली होती, आणि हातांत मोजे नऊ वाजल्यापासूनचे होते. मी हे मोजलं होतं, मी तेच करत बसलो होतो. त्याने पहिला फोड टोचला. माझं तोंड उघडलं. दादाने माझ्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि मी ते मिटलं. ड्रेसरने सगळे फोड एकेक करून फोडले, कापसाने पुसले, पट्टी बांधली. काम हलक्या हाताने केलं. दादाला तसंही दुखणार नव्हतं.

दोन दिवसांनी ताप आला. उजवं पाऊल सुजलं, बोटं काळसर व्हायला लागली. मोठे डॉक्टर आले, बुटांसकट, कारण डॉक्टरांच्या बुटांना रोग लागत नसावा. पट्टी सोडायला लावली, तळवा पाहिला आणि आश्चर्याने म्हणाले, "अरे, ये नंगे पाँव चले हैं क्या? शुगर के मरीज को चप्पल के बिना एक कदम नहीं चलना है, किसी ने बताया नहीं?"

बताया होतं. ड्रेसिंगच्या खोलीत दारामागे हिंदीत एक तक्ता होता, शुगरवाल्यांनी पायांची काळजी कशी घ्यावी याचा, आणि त्यात पहिलंच वाक्य ते होतं. मी छापलेलं काहीही वाचल्याशिवाय सोडत नाही. पहिल्याच दिवशी वाचलं होतं. इन्चार्ज सिस्टरने वाचलं असेल, ड्रेसरने शंभरदा पाहिलं असेल. दारावरच्या माणसाला त्या खोलीत यायला मनाई होती. आम्ही सगळेच ते वाचून बाहेर जात होतो आणि चपला बाहेर असत.

त्याच दिवशी नागपूरला हलवलं. तिथल्या सर्जनने उजव्या पायाची पाचही बोटं आणि पुढचा निम्मा पंजा काढला. रेघ पोटरीपर्यंत गेली नाही, याबद्दल वहिनीने नवस फेडला. डावा पाय, ज्याच्यासाठी आम्ही दवाखान्यात गेलो होतो, पूर्ण बरा झाला. कुठला जंतू कोणत्या बोटावरून कुठे गेला हे मी सिद्ध करू शकत नाही. जंतू सही करून जात नाहीत, आणि त्यावरच असल्या दवाखान्यांचं चालतं.

मी हिंदीत चार पानी तक्रार लिहिली. मोजे, कात्री, कुलपातल्या बाटल्या, तीस-पस्तीस पावलं, सगळं क्रमवार. दादाला वाचून दाखवली. त्याने शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाला, "यात तुहं नाव कोठी आहे?" मी खाली सहीची जागा दाखवली. तो म्हणाला, "तसं नाही. तू बी तं पाहूनच राहिला होता." आणि वर, "डावा त्यायनंच वाचवला ना गा." तक्रार माझ्या पिशवीत राहिली. ती अजून तिथेच आहे.

दिवाळीनंतर डावा पाय दाखवायला आम्ही पुन्हा सौसरला गेलो. दारावर तोच माणूस, तीच खुर्ची. त्याने सवयीने खाली पाहिलं.

"चपला बाहेर."

मी पुढे झालो. एवढ्या महिन्यांचं साठलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण दादाने काठीने मला बाजूला केलं. उजव्या पायात नागपूरला करून घेतलेला जाड तळाचा बूट होता, निम्म्यात कापूस भरलेला.

"अर्धा पाय नागपूरले ठेवून आलो बापा," तो शांतपणे म्हणाला. "आता बूटही इथंच ठेवला, तं आत काय पाठवू?"

दारावरच्या माणसाने पहिल्यांदा वर, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओळख पटली असावी. तो उठला, आत गेला, आणि मला वाटलं, कुणाला तरी विचारायला गेला. तो एक पन्नी घेऊन आला, किराणा सामानाची प्लास्टिकची पिशवी. "हे बांधून घ्या वरून," म्हणाला. दादाने बूट पुढे केला. गुळगुळीत फरशीवर ती पन्नी घसरत होती. मी त्याचा दंड धरला होता.

आत हॉलमध्ये प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत लागलेलं होतं. शेजारी दुसऱ्या चौकटीत सोहळ्याचा फोटो. पुढाऱ्याचा नव्हे, त्यांच्यात तेवढी नजर कुणाला होती कोण जाणे, अंगणातला. मागे उड्या मारणारे लोक, पुसट झालेले, आणि पुढे दादा. टोपी, मिशा, काठी, डाव्या पायाला पट्टी, उजवा पाय उन्हात पूर्ण टेकलेला. बोटंसुद्धा मोजता येत होती.

दादा त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. माझी अपेक्षा होती की आता तरी त्याला राग येईल. मला तो यायला हवा होता.

"पुरा पाय आहे त्यात," तो म्हणाला. "असा पुऱ्या पायाचा दुसरा फोटो नाही माह्यापाशी. एक कॉपी मागून पाह्य."

मी काउंटरवर गेलो. तिथल्या मुलीने सांगितलं की फोटो संस्थेच्या रेकॉर्डमधला आहे, अर्ज द्यावा लागेल, आणि कारण लिहावं लागेल. तिने कागद दिला. मी बाकावर बसून पिशवी मांडीवर घेतली, वरून तक्रारीची चार पानं बाजूला केली आणि पेन शोधलं. नाव, पत्ता, तारीख भरली आणि कारणाच्या जागेपाशी आलो. दादा पलीकडून म्हणाला, लिहून टाक, घरी लावाचा आहे. मी तेच हिंदीत लिहिलं.

पोच लगेच मिळाली, शिक्क्यासकट. फोटो अजून मिळालेला नाही.